ऑपरेशन झालं... पुढे काय?

खेळाच्या पानावर हल्ली एक बातमी वारंवार वाचायला मिळते. अमुक एक फुटबॉलपटू गुडघ्याच्या दुखापतीमुळे संघाबाहेर! बातमी जेमतेम चार ओळींची असते आणि शेवटची ओळ ठरलेली, ‘ती नऊ ते दहा महिने खेळू शकणार नाही.’ आपण वाचतो आणि पान उलटतो. पण या नऊ-दहा महिन्यांत ती मुलगी नेमकं करते काय, हे काही कुठे फारसं छापून येत नाही. खरी गोष्ट तर तिथेच असते. आणि ‘फुटबॉलशी आपला काय संबंध?’ असं म्हणू नका बरं का मैत्रिणींनो. आपल्या घरातली मुलगी कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल खेळत असेल, तर हा विषय तुमच्या उंबरठ्याच्या आतलाच आहे.

आधी एक ताजं उदाहरण सांगते. १४ सप्टेंबर २०२५ रोजी इंग्लंडमध्ये चेल्सी आणि ॲस्टन व्हिला या क्लबच्या महिला संघांचा सामना झाला. चेल्सीची सॅम कर बदली खेळाडू म्हणून शेवटी मैदानात उतरली आणि तिने गोलही केला. ऑस्ट्रेलियाच्या संघाचं नेतृत्व केलेली, जगातल्या नावाजलेल्या आघाडीपटूंपैकी ही एक. जानेवारी २०२४ मध्ये मोरोक्कोतल्या सराव शिबिरात तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. तिथून हा दिवस उगवायला वीस महिने लागले. मधल्या काळात पॅरिसचं ऑलिम्पिक हुकलं. दिमतीला उत्तम डॉक्टर, फिजिओ, अद्ययावत व्यायामशाळा, सगळं असूनही वीस महिने! मग आपल्याकडे ‘तीन महिन्यांत पोरगी धावायला लागेल बघा’ असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याला काय म्हणायचं?

हे लिगामेंट म्हणजे काय, ते थोडक्यात समजून घेऊ. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना बांधून ठेवणारे दोन मजबूत बंध असतात, एकमेकांवर फुलीसारखे आडवेतिडवे. त्यातला पुढचा, तो ‘एसीएल’. पळता पळता एकदम थांबलं, वळलं, उडी मारून एका पायावर उतरलं, तर गुडघा जागेवरून सरकू नये, ही राखण तो करतो. गंमत म्हणजे पुष्कळदा तो तुटतो तेव्हा कुणी धक्का दिलेला नसतो, कुणी पाय घातलेला नसतो. पाय जमिनीत रुतलेला राहतो, अंग वळतं, आतून ‘कट्’ असा आवाज येतो आणि खेळाडू खाली बसते. फुटबॉल असो की कबड्डी, शरीराला मैदानाचं नाव कळत नाही.

आता बायकांच्या पानावर हा विषय का, त्याचं कारण. त्याच खेळात पुरुषांपेक्षा बायकांमध्ये ही दुखापत किमान दुप्पट प्रमाणात होते, असं अभ्यासक सांगतात. का? तर एक असं कारण नाही. कमरेची ठेवण, गुडघ्याचा कोन, उडीवरून उतरण्याची पद्धत, मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंच्या ताकदीतला फरक, हे तर आहेच. पण त्याबरोबर हेही आहे की मुलांना लहानपणापासून ताकदीचे व्यायाम शिकवतात आणि मुलींना सहसा कुणी शिकवत नाही. मैदान खराब मिळतं. बूटसुद्धा बहुतेक वेळा पुरुषांच्या पायाच्या मापावरून बेतलेले. युरोपातल्या क्लबांच्या संघटनेने २०२३ मध्ये अव्वल दर्जाच्या खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा १०० पैकी ८२ जणींनी बुटांमुळे पायाला त्रास होतो असं सांगितलं. ज्यांचा खेळ टीव्हीवर दाखवतात त्यांची ही कथा!

पाळीचा काही संबंध आहे का, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. चेल्सी क्लबने २०२० मध्येच खेळाडूंच्या पाळीच्या चक्राप्रमाणे सराव आखायला सुरुवात केली होती. पाळी आणि गुडघ्याची दुखापत यांच्या नात्याचा शोध घेण्यासाठी २०२५ मध्ये ‘फिफा’ने लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठाच्या संशोधनाला पैसे दिले. ठाम उत्तर हाती यायचं आहे. पण इतकी वर्षं या प्रश्नाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं, हे लक्षात घ्या. खेळाचं बहुतेक शास्त्र पुरुषांच्या शरीरावर अभ्यासलं गेलं आणि बायकांनी ते तसंच वापरायचं, असा आजवरचा रिवाज.

या प्रश्नाकडे जगाचं लक्ष गेलं ते २०२२-२३ च्या हंगामात. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या चार खेळाडूंचा एसीएल सहा महिन्यांच्या आत तुटला. नोव्हेंबरमध्ये बेथ मीड, डिसेंबरमध्ये व्हिव्हियाने मिडेमा, एप्रिलमध्ये इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन आणि मे महिन्याच्या सुरुवातीला लॉरा विनरोयथर. एकाच घरात चार आजारी! त्याआधी जुलै २०२२ मध्ये, युरो स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासचा डावा गुडघा सरावात गेला होता. ती तेव्हा जगातली सर्वोत्तम खेळाडू मानली जात होती. पुढे २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटना, एक बूट कंपनी आणि लीड्समधलं एक विद्यापीठ यांनी मिळून इंग्लंडमध्ये या एकाच दुखापतीवर तीन वर्षांचा प्रकल्प हाती घेतला. आजाराला नाव मिळालं की उपायाची वाट सापडते, म्हणतात ना, तसं काहीसं.

मग ऑपरेशन होतं. (सगळ्यांनाच ते लागत नाही, पण वळणं-उड्यांचे खेळ ज्यांना पुन्हा खेळायचे आहेत त्यांना बहुधा करावं लागतं.) तुटलेला बंध नुसता शिवून भागत नाही. खेळाडूच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची शीर काढून ती नव्या बंधाच्या जागी बसवतात. आणि इथेच आपली सगळ्यांची गफलत होते. टाके निघाले, चालता यायला लागलं, दुखणं थांबलं, म्हणजे बरं झालं असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती बसवलेली शीर पहिले काही महिने कमजोरच असते. तिच्यात नव्याने रक्तपुरवठा सुरू व्हायला, तिचा खऱ्या अर्थाने ‘बंध’ व्हायला कितीतरी महिने जातात. झाड एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावलं, तर पानं हिरवी दिसली तरी मूळ धरायला वेळ लागतोच की. गुडघा दुखत नाही आणि आतून तो तयार झालेला नाही, असा तो मधला काळ सगळ्यात धोक्याचा.

म्हणून मोठ्या क्लबांमध्ये पुनर्वसनाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी सूज उतरवायची आणि गुडघा पूर्ण सरळ करायचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गुडघा थोडा जरी वाकलेला राहिला तरी पुढची सगळी चाल बिघडते. मग मांडीचा पुढचा स्नायू जागा करायचा. ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत तो इतका वाळतो की पाहणाऱ्याला दोन्ही मांड्यांतला फरक डोळ्यांनी दिसतो. मग कुबड्या सोडून नीट चालणं, सायकल, पाण्यातले व्यायाम, वजनं. तीन-चार महिन्यांच्या पुढे, गुडघा तयार असेल तरच, सरळ रेषेत हळू धावणं. मग उड्या, आधी दोन पायांवर, नंतर एका पायावर. मग वळणं, अचानक थांबणं. मग चेंडू. मग संघाबरोबर सराव, पण कुणी अंगावर यायचं नाही या अटीवर. मग पूर्ण सराव. आणि त्यानंतर सामन्यातली दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा सामना...

एका पायरीवरून दुसरीवर जायचं ते तारीख बघून नव्हे, तर परीक्षा देऊन. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. एका पायावर लंगडी घालत किती लांब उडी जाते, सलग तीन उड्या किती जातात, ठरावीक अंतर किती वेळात पार होतं, हे मोजतात. आपल्या लहानपणीची लंगडी आता दवाखान्यात मोजपट्टी लावून खेळतात म्हणायची! २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी या ऑपरेशनच्या १०६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. या परीक्षांमध्ये पास न होताच जे खेळायला गेले, त्यातल्या शंभरात ३८ जणांचा गुडघा पुन्हा दुखावला. जे पास होऊन गेले, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात सहाहूनही कमी निघालं. आणि नऊ महिने पुरे होण्याआधी घाई केली, तर जितके महिने आधी तितका धोका वाढत गेला. हे आकडे मला फार बोलके वाटतात. इतका मोठा फरक ऑपरेशनच्या कौशल्याने पडलेला नाही, तो नंतरच्या महिन्यांनी पाडला आहे.

आता बेथ मीडची गोष्ट बघा. २०२२ च्या युरो स्पर्धेत सर्वाधिक गोलांचा मान आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही तिचाच होता. त्याच नोव्हेंबरमध्ये गुडघा गेला. जानेवारी २०२३ मध्ये तिची आई कॅन्सरने गेली. आणि जुलैमध्ये विश्वचषक होता. म्हणजे ऑपरेशन होऊन जेमतेम सात-आठ महिने. तिच्या मनात काय असेल, आपण कल्पना करू शकतो. पण प्रशिक्षक सरिना विगमन यांनी तिला संघात घेतलं नाही. इंग्लंड अंतिम सामन्यात स्पेनकडून एका गोलने हरलं, तेव्हा ‘मीड असती तर...’ असं कितीकांनी म्हटलं असेल! पण ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, जवळपास अकरा महिन्यांनी, क्लबकडून मैदानात परतली. आणि जुलै २०२५ मध्ये इंग्लंडने स्पेनलाच हरवून युरो चषक पुन्हा जिंकला, तेव्हा ती त्या संघात होती. चषक उचलणारी कर्णधार होती लिआ विल्यमसन, जिचा विश्वचषकही गुडघ्यापायी बुडाला होता. एक स्पर्धा सोडली म्हणून पुढची हाती लागली, असं म्हणायला हरकत नाही.

अलेक्सियाची वाट वेगळी. ३० एप्रिल २०२३ रोजी, जवळपास दहा महिन्यांनी, बार्सिलोनाकडून ती बदली खेळाडू म्हणून उतरली. त्या उन्हाळ्यातल्या विश्वचषकात तिला जपून, थोडं थोडंच खेळवलं. अंतिम सामन्यात तर ती अगदी शेवटी मैदानात आली. जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू बाकावर बसते, हे तिला सोपं गेलं असेल का? त्याच डिसेंबरमध्ये त्याच गुडघ्यावर पुन्हा छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे ‘परत आली’ अशी बातमी आली तरी गुडघ्याचं काम संपलेलं नव्हतं. पण मे २०२४ मध्ये युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी तिने गोल केला. परत मैदानात येणं वेगळं आणि पूर्वीसारखं खेळणं वेगळं, हे यावरून कळतं. डॉक्टर मंडळीही आता या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात.

आणि मनाचं काय? पाय बरा झाला तरी पहिल्यांदा उडी मारताना छातीत धस्स होतं. ‘पुन्हा तुटलं तर?’ ही भीती पायापेक्षा हट्टी असते. म्हणून खेळायला सोडण्याआधी आता खेळाडूला रीतसर प्रश्नावली देतात. भीती वाटते का, दुखापतीचा विचार न करता खेळता येईल का, स्वतःवर भरवसा आहे का. घाबरत खेळणारी मुलगी पाय आखडून उतरते आणि तसाच गुडघा पुन्हा जातो. मीड आणि मिडेमा या दोघी तेव्हा एकाच क्लबच्या, त्यामुळे त्यांचं पुनर्वसन सोबतीने झालं. सोबत असली की कंटाळवाणा व्यायामही निभतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

इथे एक हिशेब मांडायला हवा. या खेळाडूंचं बरं होणं हेच त्या काळातलं त्यांचं काम असतं. सकाळी उठून क्लबमध्ये जायचं, दिवसभर फिजिओच्या देखरेखीखाली मेहनत करायची, जेवणही तिथेच मापून मिळतं. घरी येऊन भाकऱ्या थापायच्या नसतात. पगारही चालू असतो. अर्थात तोही हक्क आपसूक मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये महिला खेळाडूंच्या करारात बाळंतपण आणि दीर्घ आजारपणाच्या अटी सुधारल्या त्या २०२२ मध्ये, संघटनेने मागणी लावून धरल्यावर.

आपल्याकडची बाला देवी आठवते का? मणिपूरची. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करार करून युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळणारी पहिली भारतीय महिला. आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा २०२२ च्या सुरुवातीला आपल्या महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली, तेव्हा गुडघ्याच्या दुखापतीमुळे ती संघात नव्हती. पुढे ती पुन्हा भारताकडून खेळली. तिशी ओलांडल्यावर! ती परतली हे कौतुकाचं आहेच. पण तिच्यासारखी नावाजलेली नसलेली, जिल्हा पातळीवर खेळणारी मुलगी परतते का?

आमच्या मंडळाच्या कामात अशी एक मुलगी भेटली होती. कबड्डीची, चांगली चढाई करणारी. घरच्यांनी कर्ज काढून ऑपरेशन केलं, हे विशेष. पण फिजिओकडे जायचं तर बसने दीड तास. तीन आठवडे गेली, मग शेतीची कामं आली, मग कुणाचं तरी लग्न. घरी ‘चालते ना नीट, मग आणखी काय?’ असा सूर. चौथ्या महिन्यात निवड चाचणी होती, प्रशिक्षकांनी बोलावलं, ती गेली. गुडघा पुन्हा गेला. त्यानंतर खेळ कायमचा बंद. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण लाखाच्या घरातलं ऑपरेशन करायला तयार असलेलं कुटुंब बसभाड्याला कमी पडलं, कारण ऑपरेशननंतरचे नऊ महिने हाच उपचाराचा मोठा भाग आहे, हे त्यांना कुणी बसवून सांगितलंच नव्हतं.

आणि याच्या उलटही घडतं. ‘बास झालं आता, लग्नाच्या वयाची पोर, लंगडी झाली तर कोण करील?’ म्हणून एका दुखापतीनंतर खेळ तोडला जातो. मुलगा असता तर हाच प्रश्न विचारला असता का, हे आपणच आपल्याला विचारायचं. घाई करणारे आणि कायमचं घरी बसवणारे, दोघांनाही मधली वाट दिसत नाही.

मग आपण काय करू शकतो? ऑपरेशन ठरवताना डॉक्टरांना खर्चाबरोबर हेही विचारा : पुढे व्यायाम किती महिने, कुणाकडे, घरी काय काय करायचं? रोज फिजिओकडे जाणं जमत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा जाऊन व्यायाम लिहून आणा आणि घरी रोज करून घ्या. मुलीच्या व्यायामाची वेळ औषधाच्या वेळेसारखी पाळा, त्या अर्ध्या तासात तिला पाणी भरायला पाठवू नका. वरण, उसळी, अंडी, दूध यातलं जे परवडेल ते तिच्या ताटात मुलाइतकंच पडू द्या, स्नायू हवेवर वाढत नाहीत. सहाव्या महिन्यात प्रशिक्षकांनी बोलावलं तर ‘दोन्ही पायांची ताकद मोजली का?’ एवढा एकच प्रश्न विचारायला घाबरू नका. पुन्हा दुखापत होण्याचा धोका कोवळ्या वयाच्या खेळाडूंना सर्वांत जास्त असतो, म्हणून शाळा-कॉलेजच्या मुलींच्या बाबतीत तर दुप्पट सबुरी हवी.

आणि मुळात दुखापत होऊच नये म्हणून? यावर तर जवळपास फुकटात उपाय आहे. ‘फिफा’ने २००६ मध्ये ‘११ प्लस’ नावाचा सरावाआधीचा व्यायाम तयार केला. पंधरा प्रकार, वीस मिनिटं. हळू धावणं, एका पायावर तोल, बैठका, उडी मारून गुडघा आत न वळवता हलकं उतरणं. यंत्र नको, व्यायामशाळा नको. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या १८९२ मुलींवर याची चाचणी झाली, २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ज्या संघांनी हा व्यायाम केला, तिथे गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. आपल्या तालुक्याच्या शाळेत ही वीस मिनिटं का होऊ नयेत? पालक सभेत परीक्षेच्या गुणांवर आपण तावातावाने बोलतो. तिथेच एकदा क्रीडाशिक्षकांना विचारा, ‘सर, सरावाआधी मुलींकडून काय करून घेता?’

सॅम करचे वीस महिने, अलेक्सियाचे दहा, मीडचे अकरा. प्रत्येकीच्या गुडघ्याने आपापला वेळ घेतला आणि भोवतालच्या माणसांनी तो दिला. आपल्या मुलींना तशी व्यायामशाळा आपण देऊ शकणार नाही. पण वेळ देणं तर आपल्या हातात आहे. उन्हाळी सुट्ट्यांची शिबिरं, शाळांच्या स्पर्धा दरवर्षी येतच राहतील. एखादी स्पर्धा हुकली म्हणून रडणाऱ्या लेकीला जवळ घेऊन ‘पुढच्या वर्षी खेळ’ म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या व्यायामाला तिच्याबरोबर उठा.